नवी इलेक्ट्रिक गाडी आणि ब्रेकचे आवाज: कुठला चालवून घ्यायचा, कुठल्याच्या मागे लागायचं?

संथगती

पूर्ण इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे. नवीकोरी, रनिंग फारसं नाही. याआधी वर्षानुवर्षं पेट्रोलची गाडी चालवली, पण ब्रेक कसे वाजतात याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. आता गाडीत एवढी शांतता असते की दुसरं काही ऐकूच येत नाही.

सकाळी निघाल्यावर पहिल्या ब्रेकला खर्रर्र असा घासल्याचा आवाज येतो. पाच-सहा वेळा ब्रेक लावले की जातो. पावसात उभी असेल किंवा आदल्या दिवशी धुतली असेल तर हमखास. सिग्नलला थांबताना अगदी शेवटच्या हातभर अंतरात खालून गुरगुर येते, म्हणजे कानाला कमी आणि पायाला जास्त जाणवते. जागेवर उभं राहून पेडल दाबलं की पुढून कुठून तरी बारीक ‘झूं’. आणि चौथा आवाज मला सगळ्यात जास्त छळतो: हळू चालताना, पाय ब्रेकवर नसतानाही, चीं… चीं… चीं… चाकाच्या फेऱ्यांबरोबर. कधी येतो, कधी दिवसभर नाही.

सर्व्हिस सेंटरने गाडी एक दिवस ठेवून घेतली आणि चारही आवाजांना एकच उत्तर दिलं, “मॅडम, इलेक्ट्रिकमध्ये हे नॉर्मल असतं.” चारही कसे काय नॉर्मल? यातलं काय अंगवळणी पाडून घ्यायचं आणि कशासाठी भांडायचं, ते अनुभवी लोकांनी सांगा. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कंपनीच्या भांडणात जातो.

तिरकस

गाणी लावा. चारही आवाज जातील.

हळूहळू

तिरकस, तुमचा उपाय मी केला होता. आवाज गेले, आणि कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून पॅडने दाबणारा चिमटा) अडकलेला आहे हे कळायला उशीर झाला. चाकाजवळ जळका वास यायला लागला तेव्हा कळलं.

संथगती, सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायचा: आवाज पेडल दाबल्यावर येतो की दाबलेलं नसतानाही येतो? तुमचे पहिले तीन दाबल्यावरचे आहेत. चौथा तसा नाही. तो वेगळा काढा आणि त्याच्याच मागे लागा.

पानाफिरकी

हळूहळू यांच्याशी सहमत. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलंय, त्यातली शेवटची काही वर्षं इलेक्ट्रिक गाड्यांवर. जरा सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं ब्रेक वाजतो म्हणजे झिजला. इलेक्ट्रिक गाडीत बहुतेक वेळा उलटं असतं. तो वाजतो कारण तो वापरलाच जात नाही. अॅक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटर बनते, गाडीचा वेग खाते आणि वीज बॅटरीत परत घालते. यालाच आपण रीजन म्हणतो. रोजच्या साध्या चालवण्यात बहुतेक ब्रेकिंग त्यातच भागतं. पोर्शे टायकनबद्दल कंपनीच सांगते की रोजचं सुमारे ९० टक्के ब्रेकिंग मोटर करते. मग डिस्क आणि पॅड नुसते बसून असतात.

आता डिस्क कसली असते? बहुतेक गाड्यांत साध्या बिडाची. पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यावर साधा रंग देऊन चालत नाही, दिला तरी लवकरच घासून निघून जाईल. त्यामुळे तो भाग उघडा असतो. पाणी लागलं की काही तासांत तांबूस गंज धरतो. पेट्रोलच्या गाडीतही धरतो, पण तिथे गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत दोन-चार ब्रेक लागतात आणि तो पुसला जातो. इथे तुम्ही पॅड न टेकवता ऑफिसला पोचता. संध्याकाळी गंज तिथेच, उद्या त्यावर आणखी.

म्हणून तुमचा सकाळचा खर्रर्र हा पॅडने गंज खरवडल्याचा आवाज आहे. काही ब्रेकनंतर जातो ना? मग चिंता नको. कधी निघताना ‘टक्’ असं सुटल्यासारखं वाजलं तर तेही त्यातलंच. ओली गाडी पार्किंग ब्रेक लावून रात्रभर उभी राहिली की पॅड डिस्कला चिकटतो आणि गाडी हलली की सुटतो.

उभ्या गाडीत पेडल दाबल्यावरचा ‘झूं’ म्हणजे ब्रेकचा विजेवर चालणारा बूस्टर. जुन्या गाडीत इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पेडलला जोर मिळायचा. इथे इंजिनच नाही, म्हणून छोटी मोटर ते काम करते. ती ऐकू येणारच. गाडी सुरू करून थोडी पुढे नेली की एकदा गर्र-टक् असं होतं, ते एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) स्वतःची तपासणी करतं. पार्किंग ब्रेक लावताना-काढताना मागून किर्र येते ती कॅलिपरवरच्या मोटरची. हे तिन्ही आवाज जन्मभर सोबत राहणार.

गुरगुरीबद्दल इतर कुणी लिहा, माझं टायपिंग संपलं. चौथ्यासाठी गाडी परत घेऊन जा.

अर्धवट_अभियंता

गुरगुर माझ्याकडे द्या.

मोटर फार हळू फिरत असताना तिच्याकडून वेग खाण्याचं काम नीट होत नाही. म्हणून ज्या गाड्यांत पेडल आणि रीजन एकत्र काम करतात तिथे अगदी शेवटी, चालण्याच्या वेगाच्या आसपास, गाडी हळूच मोटरकडून काम काढून घेते आणि पॅडकडे देते. पॅड डिस्कला धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. धर-सोड, धर-सोड, सेकंदात कितीतरी वेळा. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हेच होतं. फरक एवढाच की इथे तारेच्या जागी कॅलिपर, सस्पेन्शन आणि शेवटी तुमच्या पायाखालचा पत्रा थरथरतो. म्हणून तो ‘पायाला’ जाणवतो. हा खालच्या पट्टीतला आवाज, काहीशे हर्ट्झच्या आत. कानात जाणारी किंचाळी मात्र साधारण १००० हर्ट्झच्या वरची असते आणि ती बहुधा डिस्क आणि पॅड एकमेकांना साथ देत कंप पावतात तेव्हा येते. दोन्हींचं मूळ घर्षणातच, पण उपाय एक नाहीत.

गुरगुर ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीतही येते, ब्रेक अर्धवट सोडून गाडी सरपटू दिली की. तिथे इंजिनाच्या घरघरीत ती बुडून जाते.

संथगती, एक विचारतो. आवाज काही दिवशी जास्त असतात ते दिवस आणि बॅटरी १०० टक्के भरलेली असण्याचे दिवस एकच आहेत का?

संथगती

थांबा, हे मी बघितलंच नव्हतं. लांब जायचं असेल त्याच्या आदल्या रात्री पूर्ण चार्ज करते. आणि हो, त्या सकाळी पेडल वेगळंच वाटतं, गाडी सोडून दिल्यासारखी पुढे पळते.

अर्धवट_अभियंता

तेच. बॅटरी भरलेली असली की परत येणारी वीज ठेवायला जागा नाही, म्हणून गाडी रीजन कमी करते. कडाक्याच्या थंडीतही करते, कारण गारठलेल्या लिथियम-आयन सेलमध्ये जोरात चार्ज ढकलला तर लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचायला लागतं आणि सेल खराब होतो. दोन्ही वेळी सगळा भार पॅडवर. म्हणजे रात्रभर गंजलेली डिस्क आणि सकाळीच तिच्यावर खरं काम. आवाज वाढणारच. पण त्या सकाळी ब्रेक आपोआप घासून निघतात, हा फायदाही धरा.

झपाटा

एवढा विचार कशाला? मी रीजन कायमचं शून्यावर टाकून ठेवलंय. ब्रेक रोज वापरले जातात, गंज नाही, आवाज नाही. मिळते ती थोडीशी वीज गेली तर गेली.

अर्धवट_अभियंता

झपाटा, तुमच्या गाडीत पेडल दाबल्यावर काय होतं यावर ते अवलंबून आहे, आणि बहुतेकांना ते माहीत नसतं.

स्क्रीनवरचं किंवा स्टिअरिंगच्या मागच्या पॅडलवरचं रीजनचं सेटिंग फक्त अॅक्सिलरेटर सोडल्यावर किती ओढ लागेल ते ठरवतं. ह्युंदाई आयोनिक ५ किंवा निसान लीफसारख्या गाड्यांत ब्रेक पेडल दाबलं तरी गाडी आधी मोटरच वापरते आणि कमी पडेल तेवढंच पॅडकडून घेते. तिथे सेटिंग शून्यावर ठेवून तुम्ही रोज ‘ब्रेक दाबता’, पॅड मात्र जेमतेम टेकतात. टेस्लाच्या गाड्यांत उलटं आहे: रीजन अॅक्सिलरेटरवर आणि पेडलखाली घर्षणाचे ब्रेक. तिथे पेडल दाबलं की पॅड टेकलाच, पण एका पेडलवर चालवायची सवय झाली की दाबायची वेळच फार थोडी येते.

त्यामुळे ‘मी शून्यावर ठेवतो म्हणून माझ्या डिस्क स्वच्छ’ असं गृहीत धरू नका. खाली वाकून बघा.

झपाटा

बघितलं. पुढच्या चकाचक आहेत, मागच्या दोन्ही चॉकलेटी. 😐

पानाफिरकी

मागच्यांचं हेच होतं. ब्रेक लावला की वजन पुढे जातं, म्हणून मागच्या ब्रेकला मुळातच काम कमी. त्यात मोटर मागच्या चाकांवर असेल तर मागचं सगळं ब्रेकिंग तीच करून टाकते. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ मध्ये मागे सरळ ड्रम ब्रेक दिले ते उगाच नाहीत. लोक हसले की एवढ्या आधुनिक गाडीला आजोबांच्या काळातले ड्रम! पण ड्रम बंद डबा आहे. पाणी-चिखल आत सहसा जात नाही आणि कधीमधी वापरायला तो पुरेसा आहे.

झपाटा, घासून काढायची पद्धत सांगतो. आधी गाडीचं पुस्तक वाचा, त्यात काही वेगळं दिलं असेल तर तेच खरं. कोरडा, सरळ, मोकळा रस्ता हवा आणि मागे कुणी नको. साठच्या आसपास वेग घ्यायचा, बहुतेक गाड्यांत न्यूट्रलमध्ये रीजन बंद होतं म्हणून न्यूट्रल टाकायचं, आणि मध्यम जोराने दहा-पंधरापर्यंत यायचं. पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा वेग घ्यायचा, थोडं अंतर नुसतं चालवायचं म्हणजे डिस्कला वारा लागतो, मग पुन्हा. असं आठ-दहा वेळा. गाडी चालू असल्याने न्यूट्रलमध्येही स्टिअरिंग आणि बूस्टर काम करत असतात. उतारावर आणि गर्दीत मात्र हा प्रयोग नको.

तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरत उभं राहू नका. पॅडचा थर त्या एका जागी बसतो आणि मग ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. वाकलेली नसते, डागाळलेली असते.

नव्या पॅडलाही हीच प्रक्रिया लागते. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना बसेपर्यंत आवाज येतात. पेट्रोलच्या गाडीत काहीशे किलोमीटरमध्ये ते आपोआप होतं. इलेक्ट्रिक गाडीत पॅड टेकतच नाहीत, त्यामुळे पाच हजारांवरही ते ‘नवे’च असू शकतात. संथगतींची गुरगुर यातलीही असेल, करून बघा.

मधली_सीट

मी प्रत्येक पावसानंतर डिस्कवर गंज काढायचा स्प्रे मारतो. दोन मिनिटांत स्वच्छ. हे चालतं ना?

पानाफिरकी

अजिबात नाही! आजपासून बंद. ते स्प्रे तेलकट असतात. पॅड ते पिऊन घेतो, आणि मग आवाज नाही तर ब्रेकच जातो. ज्या चाकांवर मारलाय ती आज वर्कशॉपमध्ये दाखवा आणि काय मारलंय ते स्पष्ट सांगा. तोवर गाडी चालवू नका, न्यायची तर टो करून न्या. डिस्क पुसायला ब्रेक क्लीनर म्हणून वेगळा स्प्रे असतो, तो मागे तेल न ठेवता उडून जातो. पण पृष्ठभागावरच्या गंजाला त्याचीही गरज नाही. ब्रेक लावा, जातो.

हळूहळू

मधली_सीट, कृपया हे गमतीवारी नेऊ नका. काय झालं ते इथे लिहा.

नुसती_वाचक

एरवी वाचनमात्र असते, पण हा विषय माझा आहे. माझ्या गाडीतला ‘ब्रेकचा आवाज’ ब्रेकचा नव्हताच.

पार्किंगमध्ये शिरताना एक घूं घूं असा चढता-उतरता आवाज यायचा. मला वाटायचं काहीतरी घासतंय, नवरा म्हणायचा बेअरिंग. शेवटी एका मुलाने सांगितलं की तो गाडी मुद्दाम काढते. पायी चालणाऱ्यांना, खास करून दृष्टिहीनांना गाडी आल्याचं कळावं म्हणून हळू वेगात कृत्रिम आवाज असतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १३८ मध्ये तो २० किमी वेगापर्यंत आणि रिव्हर्समध्ये मागितलेला आहे. युरोपात २०२१च्या जुलैपासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला सक्तीचा. अमेरिकेत मर्यादा ३० किमीच्या आसपास आहे.

ओळखायचं कसं? आवाज वेगाप्रमाणे सूर बदलतो आणि ठरावीक वेगाला विरून जातो. ब्रेकला हात-पाय काही लावा, फरक पडत नाही. आणि कृपा करून त्याचा स्पीकर काढायच्या फंदात पडू नका.

तिरकस

म्हणजे गाडी मुद्दाम केलेल्या आवाजासाठी प्रशस्तिपत्र मिळवते आणि नकळत केलेल्यासाठी तक्रार. माणसांचंही असंच आहे, पण ते अवांतर.

चाकाखाली

संथगतींच्या चीं-चींसाठी माझा अंदाज: खडा. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची ढाल असते. तिच्या आणि डिस्कच्या मध्ये बारीक खडा अडकला की असा आवाज करतो की वाटतं चाक आता निखळणार. वळणावर कमी-जास्त होतो. कधी रिव्हर्स घेऊन हलका ब्रेक मारला की पडतो. माझा पडला होता.

पत्रा जरासा वाकूनही हेच होतं. टायर बदलताना किंवा धुताना कुणाचा हात लागला तरी पुरतं.

संथगती

सगळ्यांचे आभार. गाडी परत नेली, पण यावेळी वेगळ्या पद्धतीने. ‘ब्रेक वाजतात’ असं न सांगता लिहून दिलं: पेडल दाबलेलं नाही, वेग चालण्याइतका, डाव्या वळणावर वाढतो, चाकाच्या फेरीला एकदा. मोबाइलवर रेकॉर्डिंगही दिलं. एका कंपाउंडच्या भिंतीला लागून, काच खाली करून हळू चालवलं तर आवाज भिंतीवर आपटून स्वच्छ येतो. त्यांच्या माणसाला शेजारी बसवून तीच फेरी मारली.

चाक काढलं तर पत्र्याच्या कडेला घासल्याची चकचकीत रेघ आणि आत हरभऱ्याहून लहान खडा. काढला, पत्रा सरळ केला. चीं-चीं बंद. आधी गाडी दिवसभर ठेवून घेतली होती, तेव्हा बहुधा कुणी ती चालवलीच नव्हती.

पानाफिरकींनी सांगितलेली ब्रेक घासून काढायची फेरीही मारली. सकाळचा खर्रर्र आता दोन ब्रेकमध्ये जातो. गुरगुर कमी झाली, गेली नाही.

हळूहळू

छान झालं. तरी जॉबकार्डवर गुरगुरीची नोंद करून घ्या. पॅड-डिस्क झिजणारा माल म्हणून त्यांची वॉरंटी बाकी गाडीपेक्षा बहुधा कमी असते. नंतर वाढलीच तर ‘आधी कधी सांगितलं नव्हतं’ हे ऐकायला नको. ‘नॉर्मल’ म्हणाले तर तेही त्यांच्याच अक्षरात घ्या.

अर्धवट_अभियंता

गुरगुरीसाठी एक किरकोळ युक्ती: थांबताना शेवटी ब्रेक अर्धवट धरून सरपटत राहू नका. थोडा ठाम दाबून थांबा. धर-सोडीला वेळच मिळत नाही. निघताना ब्रेक पटकन पूर्ण सोडा.

अवांतर, पण मजेशीर. १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याने डिस्कवर दाबायला तांब्याचे तुकडे लावले होते आणि ते भयंकर किंचाळायचे. पुढे हर्बर्ट फ्रूडच्या अॅस्बेस्टॉसच्या अस्तराने ती किंचाळी बरीच थांबली. अॅस्बेस्टॉस आरोग्यासाठी घातक म्हणून गेलं. नंतरच्या पॅडच्या मिश्रणात तांबं पुन्हा आलं, कारण ते उष्णता पसरवतं आणि घर्षण एकसारखं ठेवतं. आता तेही चाललंय: कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१०च्या कायद्यांनी पॅडमधलं तांबं २०२१पासून ५ टक्क्यांखाली आणि २०२५पासून ०.५ टक्क्याखाली आणायला लावलं, कारण ब्रेकची भुकटी पावसाबरोबर ओढ्या-नद्यांत जाऊन माशांना बाधते. म्हणजे पॅड बनवणाऱ्यांनी मिश्रण जुळवून आणलं की एक घटक कुणीतरी काढून घेतो. आवाज हा त्यांचा १२० वर्षांचा गृहपाठ आहे.

झपाटा

मग बाहेरचे सिरॅमिक पॅड टाकले तर? लोक म्हणतात आवाज शून्य.

पानाफिरकी

टाकता येतात, पण वॉरंटीतल्या नव्या गाडीत मी टाकणार नाही. सिरॅमिक साधारण शांत असतात हे खरं. पण गंजलेल्या डिस्कवर नवा पॅड टाकलात तर नवा पॅडही वाजणार. आधी डिस्क स्वच्छ करा, ढिले क्लिप आणि कॅलिपरच्या पिनांवरचं ग्रीस बघून घ्या. आवाजाचं मूळ बरेचदा या दोन फालतू वाटणाऱ्या जागी असतं.

पिना हा इलेक्ट्रिकचा खरा शत्रू. कॅलिपर त्यांच्यावर मागे-पुढे सरकतो. ब्रेक वापरात नसला, रस्त्यावर मीठ टाकत असतील किंवा समुद्र जवळ असेल, की त्या जाम होतात. मग पॅड सुटत नाही, नुसता टेकून राहतो. आवाज कधी येतो, कधी येतही नाही. म्हणून वर्षातून एकदा चाकं काढून पिना साफ करून ग्रीस करून घ्या, ‘इलेक्ट्रिकला सर्व्हिस लागत नाही’ असं कुणी कितीही सांगू दे. ब्रेक ऑइलही बहुतेक कंपन्या दोनेक वर्षांनी बदला म्हणतात. ते हवेतलं पाणी शोषतं, गाडी इलेक्ट्रिक आहे हे त्याला ठाऊक नसतं. पोर्शेने तर टायकनचे पॅड न झिजताही सहा वर्षांनी बदला असं सांगितलंय. झिजून नाही, म्हातारे होऊन.

नुसती_वाचक

पॅड टेकून राहिलाय हे आवाज नसेल तर कसं कळेल?

पानाफिरकी

गाडीच सांगते. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये सोडली तर लवकर थांबते. नेहमीच्या रस्त्याला वीज जास्त खाते, त्यामुळे रेंज कमी दिसते. हे पेट्रोलवाल्यांना इतकं पटकन कळत नाही, इथे आकडा समोर असतो. एका बाजूला ओढते. प्रवासानंतर एका चाकाजवळ बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त गरम हवा लागते. हात चाकाजवळ न्यायचा, डिस्कला लावायचा नाही, सोलून निघेल.

आणि हे दिसलं तर धाग्यावर विचारत बसू नका, सरळ वर्कशॉप गाठा: घासल्याचा आवाज बऱ्याच ब्रेकनंतरही जात नाही, पेडल मऊ किंवा खोल गेलं, ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग हलतं, लाल दिवा लागला.

मधली_सीट

हळूहळू, लिहितो. टो करून नेली. पुढचे दोन्ही पॅड तेलाने भिजले होते, बदलले. डिस्क धुऊन वाचल्या. मेकॅनिक बराच वेळ नुसता माझ्याकडे बघत होता.

तिरकस

त्याची गुरगुर कोणत्या पट्टीतली होती?

चाकाखाली

😂😂 धागा वाखुसा केला (वाचनखूण साठवली).

एक प्रश्न राहिला. गाडी महिनाभर हलणार नसेल तर? परत आल्यावर काय काय वाजेल?

अर्धवट_अभियंता

खर्रर्र भरपूर, कदाचित एक दणदणीत ‘टक्’. जायच्या आधी धुऊन लगेच झाकून ठेवू नका. एक फेरी मारून, ब्रेक लावून डिस्क तापवून कोरड्या करा, मग उभी करा. सपाट जागा असेल आणि पुस्तकात परवानगी असेल तर पार्किंग ब्रेक न लावता चाकांना लाकडी अडणी लावा. बऱ्याच गाड्या ‘पी’ टाकला की स्वतःच पार्किंग ब्रेक लावतात, तिथे तुमच्या हातात काही नाही.

परत आल्यावर पॅड चिकटलेला असेल तर अॅक्सिलरेटर दाबून ओढू नका. थोडं पुढे, थोडं मागे, हलक्या पायाने. तरी सुटला नाही तर मेकॅनिकला बोलवा, पॅडचं अस्तर पट्टीपासून निघू शकतं.

झपाटा

आणि मागच्या डिस्क? मी न्यूट्रलवाल्या फेऱ्या मारल्या. आता बाहेरून चमकतात.

पानाफिरकी

बाहेरून. आतली बाजू वेगळी असते. कधी बाहेरची चकचकीत आणि आतली खडबडीत असते. चाकाच्या मागून मोबाइल आत घालून फ्लॅश लावून फोटो काढा आणि इथे टाका, बघतो. गाडी पूर्ण गार झाल्यावर.